पाळण्यात मांडलेली नवी कुंडली

मागील प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात पालकांसाठी एक व्याख्यान झाले. विषय होता मुलांच्या मनावरील ताण. सभागृह भरलेले होते. मागे उभे राहिलेल्यांत आम्हीही होतो. वक्ते समुपदेशनाच्या क्षेत्रातले, वाणी रसाळ आणि हेतूही चांगला. पण बोलण्याच्या ओघात त्यांनी एक विधान असे केले, की त्यावर निम्म्या सभागृहाच्या माना डोलल्या. ते म्हणाले की, घरातील पहिले मूल स्वभावतःच अधिक ताण घेते, मधले तो गिळते आणि शेंडेफळ तो दुसऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळे होते. हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. पहिल्या मुलाच्या शरीरात ताणाचे संप्रेरकच निराळ्या रीतीने स्रवते. आमच्या पुढच्या रांगेतील एका बाईंनी नवऱ्याला कोपराने डिवचले आणि त्या कुजबुजल्या, "बघा, आपल्या थोरलीचं मी हेच म्हणत होते."

आम्हांला त्या क्षणी आमची थोरली बहीण आठवली.

आम्ही सात भावंडे. आई पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईच्या बाजारात जाई, वडील दिवसभर वाडीत. चौथ्या भावाचा जन्म झाला आणि बहिणीची शाळा सुटली. तेव्हापासून कडेवर एक, बोटाशी एक आणि चुलीवर पेज अशी तिची सकाळ उजाडे. पुढे तिचे लग्न झाले, तिची मुले झाली. आणि चाळिशीनंतर तिला झोप येईनाशी झाली. छातीत धडधड होई, हात थरथरत, अंगावरचे मांस झडू लागले. डॉक्टरांकडे नेले तेव्हा तिने तोंड उघडण्याआधी आम्हीच म्हणालो, "थोरली ना ती, पहिल्यापासूनच काळजी करणारी." डॉक्टर हसले, मान हलवली आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी गळ्याला हात लावून पाहिला, रक्त तपासायला सांगितले आणि निष्पन्न झाले की तिची थायरॉइडची ग्रंथी वाजवीपेक्षा कितीतरी अधिक काम करीत होती. दोन वर्षे ती आमच्या एका वाक्यामुळे भोगत राहिली. तेव्हा या विषयावर आम्ही तटस्थ नाही, हे वाचकांनी आधीच जाणून घ्यावे.

'शास्त्राने सिद्ध केले आहे' हे शब्द सभेत उच्चारले, की प्रश्न विचारण्याची सोयच राहत नाही. पण कोणत्या शास्त्राने, कधी आणि कोणाला तपासून, हे विचारायला काय हरकत आहे? आम्ही गेले काही महिने तेवढेच केले.

या कल्पनेचा उगम बराच जुना आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज विद्वानाने १८७४ साली नामवंत शास्त्रज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत थोरल्या व एकुलत्या मुलग्यांचा भरणा त्यांना अधिक दिसला. त्या काळच्या इंग्लंडात मिळकत थोरल्याकडे जाई आणि सवडही त्याच्याच वाट्याला येई, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटण्यासारखे फारसे उरत नाही. गॉल्टन स्वतः मात्र शेंडेफळ होते. पुढे व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड आडलर यांनी या कल्पनेला मनोविकारांच्या दारात आणून उभे केले. थोरले मूल म्हणजे सिंहासनावरून खाली ओढलेला राजा. धाकट्याच्या आगमनाने त्याचे राज्य जाते आणि तो धसका त्याला जन्मभर पुरतो, असे त्यांचे प्रतिपादन. उपमा सुंदर आहे. आडलर स्वतः दुसरे अपत्य होते आणि त्यांच्या थोरल्या भावाचे नाव होते सिग्मुंड. आता यावरूनही कोणी सिद्धान्त काढील, म्हणून आम्ही इथेच थांबतो. आडलर यांनी माणसे पाहिली, त्यांच्या कहाण्या ऐकल्या. मोजदाद अशी केली नाही.

मोजदाद केली ती अमेरिकेतील स्टॅन्ली शॅक्टर यांनी, आणि जन्मक्रम व भीती यांचा संबंध जोडणारे जे काही आज सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे त्यांच्या १९५९ सालच्या ग्रंथापर्यंत मागे नेता येते. त्यांचा प्रयोग ऐकण्यासारखा आहे. मिनेसोटा विद्यापीठातील तरुण विद्यार्थिनींना एका खोलीत बोलावण्यात आले. तिथे पांढरा कोट घातलेले, खिशातून स्टेथस्कोप लोंबणारे एक 'डॉक्टर झिल्स्टाइन' उभे; त्यांच्यामागे विजेची यंत्रे मांडलेली. काही मुलींना त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले की, तुम्हांला विजेचे धक्के देण्यात येतील, ते दुखतील, पण कायमची इजा होणार नाही. इतर मुलींना सांगितले की, नुसत्या गुदगुल्या होतील. मग म्हणाले, यंत्र लावायला दहा मिनिटे लागतील. तोवर तुम्ही एकटीने थांबणार की इतर मुलींबरोबर? प्रयोग तिथेच संपला. धक्का कोणालाच बसला नाही, आणि डॉक्टर झिल्स्टाइन हेही रचलेलेच पात्र होते.

घाबरवलेल्या ३२ मुलींपैकी २० जणींनी सोबत मागितली. न घाबरवलेल्या ३० पैकी १० जणींनी. इथवर आपल्या अनुभवाशी जुळते. अंधारात माणूस माणसाचा हात शोधतो. पण शॅक्टर यांनी पुढे जाऊन हे निकाल जन्मक्रमानुसार वाटले, आणि त्यांना दिसले की सोबतीची ही ओढ प्रामुख्याने पहिल्या व एकुलत्या मुलींत आहे. धाकट्यांत ती जवळजवळ दिसत नाही. पहिल्या मुलींनी आपण अधिक घाबरल्याचेही लिहून दिले. झाले! पहिले मूल ताणाला अधिक बळी पडते, हे वाक्य पाठ्यपुस्तकांत गेले आणि तिथून मासिकांत.

आता जरा बारकाईने पाहू. या मुलींची ना नाडी मोजली गेली होती, ना रक्त तपासले गेले होते. त्यांनी कागदावर काय लिहिले आणि कोणती खोली निवडली, एवढाच पुरावा. भीती वाटणे, ती कबूल करणे आणि भीतीच्या वेळी कोणाची तरी सोबत मागणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे त्या एकाच माळेत ओवल्या गेल्या. सात भावंडांच्या घरात वाढलेल्या मुलीला 'मला भीती वाटते' असे म्हणण्याची सवयच नसते, कारण म्हटले तरी ऐकायला कोणाला सवड असते? ती एकटीने थांबते. त्यावरून तिला भीती कमी वाटली असे म्हणणे म्हणजे जो रडत नाही त्याला लागलेच नाही, असे समजणे होय.

शॅक्टर यांच्याच ग्रंथात कोरियाच्या युद्धातील वैमानिकांचा दाखला येतो. शत्रूची अधिक विमाने पाडणाऱ्या वीरांत थोरले मुलगे कमी आढळले. म्हणजे थोरला भित्रा, असा त्याचा रोख. ठीक. मग १९६१ सालाकडे पाहा. त्या वर्षी १२ एप्रिलला अंतराळात पहिला मानव गेला, युरी गागारिन. चार भावंडांतला तिसरा. तीन आठवड्यांनी, ५ मे रोजी, पहिला अमेरिकन गेला, ॲलन शेपर्ड. दोघा भावंडांतला थोरला. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग तिघांतला थोरला. अशी उदाहरणे दोन्ही बाजूंनी हवी तितकी मिळतात. आपल्यापैकी कोणी संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव पुढे करून म्हणेल की, घरातले सर्वांत धाकटे, म्हणूनच १५४२ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरण्याचे धाडस करू शकले. तर त्यांना आम्ही गॅलिलिओचे नाव सांगू, जो घरातला थोरला होता आणि तरीही साऱ्या जुन्या विद्वानांशी भांडला.

परंतु खरी चूक उदाहरणांत नाही, ती हिशेबात आहे. आणि ती समजून घेतल्यावाचून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. एक काल्पनिक गाव घ्या. गावात दहा घरे. पाच घरे सुखवस्तू, प्रत्येकात एकच मूल, आणि ती पाचही मुले निवांत. उरलेली पाच घरे अडचणीतली, प्रत्येकात पाच मुले. आणि दारिद्र्य, दाटी व उद्याची चिंता यांमुळे ती पंचवीसही मुले, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, सारखीच ताणलेली. म्हणजे या गावात जन्मक्रमाचा काडीइतकाही परिणाम नाही. आता एखादा संशोधक येतो आणि मोजतो. गावात 'पहिली मुले' दहा. त्यांतली पाच निवांत. 'पाचवी मुले' पाच. त्यांतले एकही निवांत नाही. संशोधक लिहून मोकळा होतो की, जन्मक्रम जसा खाली जातो तसा ताण वाढतो! त्याने मोजला घराचा आकार आणि घरातील चणचण. नाव दिले जन्मक्रमाचे. पाचवे मूल फक्त मोठ्याच घरात जन्मू शकते, एवढी साधी गोष्ट विसरली की आकडे हवे ते बोलू लागतात. मोठी घरे सुखी आणि छोटी घरे काळजीत असतील, तर हाच हिशेब उलटा येईल आणि थोरलाच ताणलेला ठरेल. महाविद्यालयापर्यंत पोचणाऱ्या मुलांत पहिल्या अपत्यांचे प्रमाण मुळातच जास्त असते, हे १९६३ साली खुद्द शॅक्टर यांनीच दाखवून दिले होते. पण आपल्याकडे ग्रंथातला निष्कर्ष तेवढा येतो, ग्रंथकाराचा सावधपणा मागे राहतो.

स्वित्झर्लंडमधील सेसिल अर्न्स्ट आणि यूल्स आंग्स्ट या दोघांनी १९८३ साली एक जाडजूड ग्रंथ काढला. १९४६ ते १९८० या काळातील जन्मक्रमावरचे संशोधन त्यांनी चाळून काढले आणि झ्युरिकमधील साडेसात हजारांवर तरुणांची स्वतंत्र पाहणीही केली. घराचा आकार व आर्थिक स्थिती यांचा हिशेब धरला की व्यक्तिमत्त्वावर जन्मक्रमाचा म्हणून दाखवला जाणारा परिणाम बहुतेक नाहीसा होतो, असा त्यांचा निर्वाळा. इतके झाल्यावर विषय मिटायला हवा होता. पण १९९६ साली फ्रँक सलोवे यांचा ग्रंथ आला. धाकटी भावंडे बंडखोर आणि थोरली प्रस्थापितांची पाठराखण करणारी, असे त्यात इतिहासातील असंख्य नावांनिशी मांडलेले. आणि वर्तमानपत्रांना पुन्हा एकदा खाद्य मिळाले. खंडनाला मथळा मिळत नाही, ही जुनीच तक्रार आहे.

२०१५ साली दोन मोठी संशोधने प्रसिद्ध झाली. एकात ब्रिटन, अमेरिका व जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक माणसे होती. भावनिक स्थैर्य, म्हणजे माणूस चटकन अस्वस्थ होतो की नाही, या गुणावर जन्मक्रमाचा परिणाम त्यात आढळला नाही. दुसऱ्यात अमेरिकेतील ३ लाख ७७ हजार शालेय विद्यार्थी होते. जन्मक्रम आणि स्वभाव यांचा त्यात आढळलेला संबंध इतका क्षीण, की वर्गातील एखाद्या मुलाकडे पाहून त्याच्या आधारे काही सांगणे म्हणजे नाणे उडवण्यासारखेच.

यावर कोणी म्हणेल, स्वभावाचे सोडा, संप्रेरकाचे काय? ते तर रक्तात आणि लाळेत दिसते. कॉर्टिसॉल नावाचे हे संप्रेरक खरोखरच ताणाच्या वेळी वाढते. ते मोजण्यासाठी १९९३ साली जर्मनीतील ट्रिअर येथे एक कसोटी तयार झाली. अनोळखी परीक्षकांपुढे पाच मिनिटे भाषण करायचे आणि मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करीत तोंडी उत्तरे द्यायची. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही घरी बसून करून पाहिले; चौथ्या पायरीलाच घाम फुटला. परंतु हेच कॉर्टिसॉल ताण नसतानाही दिवसभर वर-खाली होत असते. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या सुमारास ते चढते, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. झोप, वय, मासिक पाळी, काही औषधे, सारे त्यात ढवळाढवळ करतात. थोरला सोळा वर्षांचा, दहावीच्या परीक्षेला बसलेला. धाकटा नऊ वर्षांचा, विटीदांडूत रमलेला. या दोघांची लाळ तपासून जो फरक येईल तो वयाचा, परीक्षेचा की जन्मक्रमाचा? चाळीस-पन्नास जणांच्या गटात असे फरक योगायोगानेही निघतात. आणि फरक निघाला तर तो छापला जातो, न निघाला तर कागद कपाटात राहतो.

उंदरांवरील प्रयोगांचेही दाखले दिले जातात. आईने अधिक चाटलेली पिल्ले मोठेपणी ताण अधिक चांगला सोसतात, हे त्या प्रयोगांत दिसले, आणि ते मोलाचे आहे. पण उंदरीण एकाच वेळी आठ-दहा पिल्लांना जन्म देते. त्या घरात थोरला कोण आणि शेंडेफळ कोण?

आम्ही सगळेच नाकारतो आहोत असा समज होऊ नये. नॉर्वेतील सुमारे २ लाख ४० हजार तरुणांच्या लष्करभरतीच्या नोंदी तपासून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या मुलांचा बुद्ध्यांक दुसऱ्यांपेक्षा दोन-तीन गुणांनी अधिक आढळला. फरक लहान, पण खरा. त्यातला आम्हांला अंतर्मुख करणारा भाग पुढचा आहे. ज्या घरांत पहिले मूल बालपणीच दगावले होते आणि दुसरे मूल थोरले म्हणून वाढले होते, तिथे त्या दुसऱ्याचे गुण पहिल्यांसारखेच होते. म्हणजे गर्भातील क्रमाने काही ठरले नाही. घरात मिळालेल्या जागेने ठरले. तसेच कॅनडातील दोन संशोधकांनी अलीकडेच सुमारे सात लाख प्रौढांची माहिती तपासून दाखवले की, अनेक भावंडांत वाढलेली माणसे सरासरीने किंचित अधिक नम्र व जुळवून घेणारी असतात. यातही जन्मक्रमापेक्षा भावंडांच्या संख्येचा वाटा मोठा, आणि काही वाटा अशा घरांतील धार्मिक वातावरणाचा. मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या आपल्या पिढीने यावर टाळ्या वाजवण्याची घाई करू नये. फरक किंचितच आहे.

आपल्या देशात मात्र जन्मक्रमाचा एक परिणाम असा आहे, की तो फूटपट्टीने मोजता येतो. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील व आफ्रिकेतील २५ देशांतील मिळून १ लाख ६८ हजारांवर मुलांच्या उंचीची तुलना केली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. भारतातील पहिले मूल आफ्रिकेतील पहिल्या मुलापेक्षा खुजे नाही. दुसऱ्या मुलापासून आपली मुले मागे पडू लागतात आणि तिसऱ्यात दरी आणखी रुंदावते. कारण म्हणून त्यांनी दाखवले ते थोरल्या मुलग्याला दिले जाणारे झुकते माप. यात शरीराचा दोष नाही. ताटात कोणाला आधी आणि किती वाढले, याचा तो हिशेब आहे. जन्मक्रमाची चर्चा करायचीच असेल तर ती इथून करावी. पण हे ऐकून सभागृहात माना डोलत नाहीत.

आम्हांला राग येतो तो याचा. थोरलीला शाळेतून काढायचे, तिच्या कडेवर मूल द्यायचे, आजाऱ्याच्या उशाशी तिला बसवायचे, आणि मग ती थकली की म्हणायचे, 'स्वभावच तसा, थोरली ना!' जे आपण तिच्यावर लादले तेच तिच्या रक्तात होते असे ठरवले, की आपले हात स्वच्छ. शेंडेफळाचेही तसेच. धाकटा मुलगा परीक्षेच्या आधी चार दिवस जेवत नाही, रात्री दचकून उठतो. आणि घरचे म्हणतात, 'लाडावलाय, नाटक करतो.' त्याच्या भीतीला कोणी भीती म्हणत नाही, कारण कोणी तरी कुठे तरी सांगितले आहे की धाकट्यांना ताण नसतो. ग्रहतारे पाहून मुलाचे भविष्य सांगणाऱ्याच्या दारात जाऊ नये, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. मग जन्माच्या क्रमांकावरून मांडलेली ही कुंडली आपण सभागृहात खुर्च्या मांडून का ऐकावी?

शिवाय ही कुंडली आता लागू तरी कोणाला पडणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली महाराष्ट्रात सरासरी प्रत्येक स्त्रीला सुमारे तीन मुले होत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. मधले मूल बहुतेक घरांतून नाहीसेच झाले आहे.

व्याख्यानानंतर आम्ही वक्त्यांना भेटलो. त्यांनी सांगितलेल्या संशोधनात किती मुले होती आणि ती किती भावंडांच्या घरातली होती, असे विचारले. ते म्हणाले, तपशील आता जवळ नाही, पुढच्या वेळी आणतो. माणूस प्रांजळ होता. तो तपशील आणील अशी आमची अपेक्षा आहे. दरम्यान, धर्मग्रामातील पालकवर्गासाठी जो माहितीचा अर्ज छापला जाणार असल्याचे ऐकतो, त्यात 'मुलाचा जन्मक्रम' असा एक रकाना असल्याचेही कळते. तो काढून टाकावा आणि त्याच्या जागी एवढेच विचारावे, की हे मूल घरात कोणकोणती कामे करते आणि रात्री किती तास झोपते. ज्यांना आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी याच पानांवर अवश्य लिहावे. फक्त सोबत घरांची आणि मुलांची संख्या द्यावी.